जखमी लांडोर : मालकी नाही, जबाबदारी आहे

मावळातल्या मळवली स्टेशनवरून भाजे लेण्यांकडे निघालं की आधी द्रुतगती मार्ग ओलांडावा लागतो, मग गाव लागतं आणि गावाच्या पाठीशी लोहगड-विसापूरची झाडी सुरू होते. लोहमार्ग, महामार्ग, भाताची खाचरं, बंगल्यांची तारकुंपणं आणि डोंगर, हे सगळं इथे दोन-तीन किलोमीटरांत एकमेकांना खेटून आहे. अशा ठिकाणी मोर-लांडोरीला इजा होण्याची कारणं शोधत बसावं लागत नाही. भरधाव गाडी, विजेची तार, कुंपणाची जाळी, मोकाट कुत्री, यांतलं एखादं पुरतं. मग कोणाला तरी खाचराच्या बांधाला एक पंख लोंबकळत असलेली लांडोर दिसते. तो तिला घरी आणतो आणि विचारू लागतो की हिला खायला काय घालू, ठेवू कुठे, औषध कोणतं देऊ. पहिल्यांदाच असा पक्षी हाती आलेल्या माणसाच्या या प्रश्नांमागे दयाच असते. पण त्या प्रश्नांत एक गृहीत दडलेलं असतं, की आता ही लांडोर आपली झाली, आपणच तिला बरी करायची. नेमकं हेच गृहीत तिच्या जिवावर उठतं. जखमी लांडोरीची मालकी आपल्याकडे येत नाही, येते ती जबाबदारी. ही जबाबदारी काही तासांचीच असते, आणि त्या तासांत फार थोड्या गोष्टी करायच्या असतात. त्या थोड्या गोष्टी नीट करणं हीच तिची खरी शुश्रूषा.

आधी कायद्याचं बोलू, कारण बहुतेकांना तो माहीत नसतो किंवा अर्धवट माहीत असतो. मोर १९६३ पासून आपला राष्ट्रीय पक्षी आहे, आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत, त्याचा समावेश आहे. राष्ट्रीय पक्षी म्हणताना डोळ्यांसमोर पिसारा फुलवलेला नर येतो, पण तपकिरी पाठीची, पांढुरक्या पोटाची, मानेवर हिरवी झाक असलेली लांडोरही त्याच जातीची आहे आणि तिलाही तेच संरक्षण आहे. या कायद्यात शिकार या शब्दाचा अर्थ मारण्यापुरता नाही. पकडणं, इजा करणं, अंडी नेणं किंवा फोडणं हेही त्यात येतं. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या बाबतीत गुन्हा शाबीत झाला तर तीन ते सात वर्षांचा तुरुंगवास आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान पंचवीस हजार रुपये दंड आहे. हे वाचून कोणी म्हणेल, मग तडफडणाऱ्या पक्ष्याकडे पाठ फिरवून निघून जायचं का? अजिबात नाही. याच कायद्याचं ३९ वं कलम सांगतं की सरकारी मालमत्ता ठरणारा असा प्राणी कोणत्याही मार्गाने एखाद्याच्या ताब्यात आला, तर त्याने ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवावं आणि मागितल्यावर तो स्वाधीन करावा. म्हणजे सामान्य माणसाच्या हाती जखमी प्राणी येऊ शकतो, हे कायद्याने धरलेलंच आहे. लांडोरीला सुखरूप पोहोचवण्यासाठी हात लावणं वेगळं आणि ठेवून घेणं वेगळं. हा फरक दाखवणारी सर्वांत स्पष्ट खूण म्हणजे तुम्ही केलेला पहिला फोन. तो लांडोर उचलण्याआधीच करावा.

यावर एक आक्षेप हमखास येतो. इंटरनेटवर शोधलं तर मोर पाळणाऱ्यांचे ढीगभर सल्ले सापडतात, पिंजरा केवढा हवा, जंताचं औषध किती द्यावं, सगळं. मग आपल्याकडेच एवढा बाऊ का? कारण ते सल्ले इंग्लंड-अमेरिकेतल्या पाळलेल्या मोरांसाठी असतात. तिथे हा पक्षी बाहेरून आणलेला, पिढ्यान्पिढ्या माणसांत वाढलेला, कोंबडीसारखा विकत मिळणारा आहे. मावळातली लांडोर रानटी आहे. तिच्या लेखी माणूस म्हणजे शिकारी, आणि शिकाऱ्याच्या हाती सापडल्यावर तिच्या शरीरात जे घडतं ते पाळीव पक्ष्याच्या शरीरात त्या प्रमाणात घडत नाही. दुसरा दाखला शिरूर तालुक्यातल्या मोराची चिंचोलीचा देतात, की तिथे माणसं आणि मोर एकत्र नांदतातच की. नांदतात, पण मोकळे. तिथला मोर शेतात दाणा टिपतो आणि रात्री आपल्या झाडावर जातो. शेजार आणि पाळणं यांत जे अंतर आहे, ते चिंचोलीच्या उदाहरणाने पुसलं जात नाही, उलट ठळक होतं.

कायद्याचा भाग बाजूला ठेवला तरी पक्ष्याचं शरीर हीच गोष्ट सांगतं, आणि माझ्या मते हाच मुद्दा सर्वांत वजनदार आहे. पक्ष्याचं मोडलेलं हाड फार लवकर जुळू लागतं. काही दिवसांतच मोडलेल्या जागी नवा थर धरतो आणि साधारण तीन आठवड्यांत हाड सांधतं. ऐकायला हे चांगलं वाटतं, पण हाड सरळ बसवलेलं नसेल तर ते वाकडंच सांधतं, आणि वाकड्या पंखाची लांडोर पुन्हा उडत नाही. रात्री उंच झाडावर बसणं हा या पक्ष्याचा कुत्र्या-बिबट्यापासूनचा मुख्य बचाव आहे. उडता न येणारी लांडोर रानात सोडणं म्हणजे तिला मरायला सोडणं. कुत्र्याच्या चाव्याचंही तसंच. पिसांखाली दडलेली दातांची दोन बारीक भोकं वरून दिसत नाहीत, पण कुत्र्या-मांजराच्या तोंडातले जंतू त्यातून आत गेलेले असतात आणि योग्य प्रतिजैविक वेळेत मिळालं नाही तर एक-दोन दिवसांत रक्तात विष भिनतं. म्हणून दोन दिवस घरी ठेवून बघू, सुधारली नाही तर डॉक्टरकडे नेऊ, हा वरवर समंजस वाटणारा विचार लांडोरीसाठी सर्वांत घातक आहे. कायद्याने कळवायला ४८ तास दिलेत, तिचं हाड आणि तिची जखम तेवढेही देत नाहीत.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते पाहू. पहिली गोष्ट म्हणजे थांबणं आणि लांबून बघणं. ती उभी राहते का, दोन्ही पंख अंगाला मिटलेले आहेत की एक खाली ओघळलाय, रक्त दिसतं का, चोच उघडी टाकून धापा टाकतेय का, प्रत्येक श्वासाबरोबर शेपटी वरखाली होतेय का, मान एका बाजूला कलतेय का, हे पाच मिनिटांत कळतं आणि पुढे फोनवर सांगायला उपयोगी पडतं. पंख मोडलेली लांडोरही जोरात धावते. तिच्यामागे पोरांची फौज सोडून तिला दमवून पकडणं ही आपल्याकडची नेहमीची रीत, आणि तीच सोडायची आहे. भीतीने आणि जिवाच्या आकांताने पळताना रानटी पक्ष्याचे स्नायू अक्षरशः फुटू लागतात, त्यातून निघालेली द्रव्यं मूत्रपिंडावर आणि हृदयावर ताण आणतात, आणि वरून ठीक दिसणारा पक्षी काही तासांनी किंवा दोन-तीन दिवसांनी अचानक दगावतो. लोक म्हणतात, धसक्याने गेली. ते खोटं नसतं. म्हणून ती पळू शकत असेल तर पकडू नका. कुत्री बांधा, बघे मागे सारा, ती कोणत्या झुडपात शिरली ते लक्षात ठेवा आणि प्रशिक्षित माणसं येईपर्यंत लांबून नजर ठेवा. ती विजेच्या तारेजवळ पडली असेल तर आधी महावितरणला कळवा, वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत जवळ जाऊ नका. द्रुतगती मार्गावर तर पायी उतरूच नका. तिथून मदत पथकाला कळवणं एवढंच आपलं काम.

ती एका जागी निपचित पडली असेल, किंवा जागा इतकी धोक्याची असेल की हलवण्यावाचून गत्यंतर नाही, तरच उचलावी. जुनं सुती लुगडं, चादर किंवा मोठा टॉवेल घ्या. मागच्या बाजूने, न बोलता, सावकाश जा आणि कापड आधी डोक्यावर पडेल असं टाका. डोळ्यांपुढे अंधार झाला की पक्षी बराचसा शांत होतो. मग दोन्ही पंख त्यांच्या नैसर्गिक घडीत अंगाशी आणून कापडासकट कुशीत घ्या आणि दुसऱ्या हाताने पाय वरच्या बाजूला, अंगाजवळ धरा, कारण तिची नखं ओरबाडतात. इथे एक गोष्ट विसरायची नाही. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल नसतं; छातीचं हाड पुढेमागे हलतं तेव्हाच हवा आतबाहेर होते. सुटू नये म्हणून छाती घट्ट आवळली तर नाकाला हात न लावताही तिचा श्वास कोंडतो. पकड पंखांवर हवी, छाती मोकळी हवी. पंख किंवा पाय मोडलाय असं वाटलं तरी बांबूची कामटी लावून बांधायच्या फंदात पडू नका. गुंडाळलेलं कापड हाच तेवढ्यापुरता पुरेसा आधार आहे.

ठेवायला कोंबड्यांचं डालगं किंवा तारेचा पिंजरा लगेच हाताशी असतो, पण फटीतून उजेड आणि माणसं दिसली की ती त्यावर धडका देते, पिसं मोडते, डोकं फोडून घेते. त्यापेक्षा टीव्हीसारख्या वस्तूचा मोठा पुठ्ठ्याचा खोका बरा. त्याला खालच्या बाजूला हवेसाठी भोकं पाडा, तळाला घसरू नये म्हणून गोणपाट अंथरा आणि वरून बंद करा. खोका एवढाच असावा की ती बसू शकेल, पण पंख पसरून झेपा घेऊ शकणार नाही. डालग्यावाचून इलाजच नसेल तर ते चहूबाजूंनी गोणपाटाने झाकावं. पक्ष्याच्या अंगाचं तापमान साधारण ४१ अंश सेल्सिअस, म्हणजे आपल्यापेक्षा बरंच जास्त असतं. मावळच्या पावसात भिजलेली, रक्त गेलेली लांडोर झपाट्याने गार पडते. खोक्याच्या एका बाजूला, बाहेरून, फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली टेकवून ठेवा, म्हणजे नकोशी झाली तर ती दुसऱ्या बाजूला सरकू शकेल. धापा टाकू लागली तर बाटली काढा. घरातली सर्वांत शांत खोली तिला द्या. दर दहा मिनिटांनी झाकण उघडून बघणं, फोटो काढणं, शेजाऱ्यांना दाखवणं हे सगळं तिच्या उरल्यासुरल्या ताकदीवर पडणारे घाव आहेत. अंधार, ऊब आणि शांतता ही तिन्ही औषधं घरात असतात आणि पहिल्या तासांत यांच्याइतकं गुणकारी दुसरं काही नसतं.

उपचार म्हणून जे जे करायला हात शिवशिवतात, त्यातलं बरंचसं टाळायचं आहे. चोच उघडून पाणी पाजू नका. पक्ष्याच्या जिभेच्या मुळाशीच श्वासनळीचं तोंड असतं, आणि अर्धवट शुद्धीतल्या पक्ष्याच्या तोंडात ओतलेलं पाणी पोटात न जाता फुप्फुसात जातं. दूध तर नकोच, ते पक्ष्यांना पचत नाही. भात, पाव, दाणे यांचीही पहिल्या काही तासांत गरज नसते. धक्क्यात असलेल्या शरीराला पचनाचं काम झेपत नाही. रक्त वाहत असेल तर स्वच्छ सुती फडकं पाच मिनिटं न उचलता दाबून धरा. तीन किलोच्या पक्ष्यात सगळं मिळून पाव लिटरच्या आसपासच रक्त असतं, त्यामुळे वाहतं रक्त थांबवणं ही एकमेव मलमपट्टी आपल्या वाट्याची. हळद, चुना, कॉफी यांपैकी काहीही जखमेत भरू नका. हळद घरच्या कापल्याखरचटल्याला चालते, मग इथे का नको, असं कोणीही विचारेल. कारण खोल जखमेत बसलेली पूड डॉक्टरला आधी खरवडून काढावी लागते आणि त्यात वेळ आणि मांस दोन्ही जातं. पंखाच्या जखमेवर पाणीही ओतू नका. पक्ष्याच्या दंडाचं हाड पोकळ असून श्वसनाच्या वायुकोशांशी जोडलेलं असतं. ते मोडून बाहेर आलं असेल तर वर ओतलेलं पाणी थेट श्वसनसंस्थेत उतरू शकतं. माणसांच्या वेदनाशामक गोळ्याही देऊ नका. वेदनाशामकांबद्दल तर आपल्या देशाने मोठी किंमत मोजली आहे. गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकचा अंश मृत जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेला, त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि आकाश भरून दिसणारी गिधाडं जवळपास संपली. २००६ मध्ये जनावरांसाठीच्या या औषधावर बंदी आली तोवर फार उशीर झाला होता. सस्तन प्राण्याला चालतं ते पक्ष्याला चालेलच असं नाही, एवढा धडा त्यातून घ्यायलाच हवा.

गावातल्या घरी एक मोह आणखी होतो. खुराडं तयार आहे, दाणापाणी आहे, कोंबड्यांतच ठेवू. हे दोन्ही बाजूंनी चुकीचं आहे. कोंबडी स्वतः ठणठणीत दिसत असतानाही तिच्या आतड्यातल्या जंतांमार्फत असा एक परजीवी पसरतो जो मोरवर्गीय पक्ष्यांच्या यकृतावर घाला घालतो. मानमोडी, म्हणजे राणीखेत, तर इकडून तिकडे आणि तिकडून इकडे दोन्ही मार्गांनी जाऊ शकते. पक्ष्याला हाताळताना तोंडाला मास्क, हातांत मोजे आणि नंतर साबणाने हात धुणं हे सोवळं पाळावंच. २००६ मध्ये नवापूरला आणि २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यात बर्ड फ्लू आला, तेव्हा मोठ्या संख्येने कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. म्हणून एकाच ठिकाणी दोन-चार पक्षी मेलेले किंवा लुळे पडलेले दिसले तर त्यांना हात न लावता पशुसंवर्धन विभागाला कळवावं. असे पक्षी शेतात पडलेले असतील तर कीटकनाशक लावलेलं बियाणं खाल्ल्याचीही शक्यता असते, तेही सांगावं.

फोन कोणाला करायचा? महाराष्ट्र वनविभागाची १९२६ ही मदतवाहिनी आहे. त्याशिवाय आपल्या गावच्या वनरक्षकाचा आणि वनपरिक्षेत्र कार्यालयाचा क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि पोलीस पाटलांकडे असायला हवा. नसेल तर आजच मागून घ्यावा. पशुसंवर्धन विभागाच्या फिरत्या पशुवैद्यकीय सेवेचा क्रमांक १९६२ आहे, आणि काहीच लागलं नाही तर ११२ आहेच. मावळात जखमी वन्यजीवांसाठी धावून जाणारे स्वयंसेवकही आहेत, आणि वनविभागाशी जोडलेले असे हात गावाने ओळखून ठेवावेत. फोनवर लांबून पाहिलेल्या खुणा, वेळ आणि नेमकी जागा सांगा. मोबाइलवरून ठिकाण पाठवा. जागेचं महत्त्व नुसतं पोहोचण्यापुरतं नाही. बरी झाल्यावर तिला तिच्याच टापूत, ओळखीच्या पाण्याजवळ आणि झाडांजवळ सोडणं तिच्या हिताचं असतं, आणि ती कुठे सापडली याची नोंद नसेल तर तेच अवघड होतं.

इथे सर्वांत खरा वाटणारा आक्षेप येतो: वनखात्याचे लोक येईपर्यंत ती मरून जाईल, त्यापेक्षा आपणच काहीतरी करावं. उशीर होऊ शकतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. एका वनरक्षकाकडे बरीच गावं असतात, पावसात डोंगरवाटा निसरड्या होतात. पण उशिरावरचा उपाय घरगुती शस्त्रक्रिया नाही. पुन्हा फोन करा, दुसरा क्रमांक लावा, परवानगी घेऊन जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. पुण्यात बावधनला वन्यप्राण्यांचं उपचार केंद्र आहे. वनविभागाने सांगितलं तर भाज्याहून गाडीने तास-सव्वा तासात तिथे पोहोचता येतं. गाडीत खोका सपाट जागेवर ठेवा, गाणी बंद, गप्पा बंद. दुसरा आक्षेप प्रेमाचा असतो, की आम्ही तिला लेकरासारखं जपू. जपालही. पण माणसाच्या मायेला सरावलेल्या लांडोरीची भीती मोडते, आणि भीती हेच तिचं रानातलं कवच आहे. माणसाला न घाबरणारी लांडोर उद्या कुत्र्यालाही घाबरायला उशीर करते. आपल्याला मिळालेला लळा तिच्या आयुष्यातून वजा झालेला असतो.

पावसाळ्यात आणखी एक भान ठेवायचं. जून ते सप्टेंबर हा त्यांच्या विणीचा काळ. झुडपाखाली जमिनीवर उकरलेल्या खळग्यात लांडोर साधारण चार ते सहा अंडी घालते, सुमारे २८ दिवस एकटी उबवते, आणि पिल्लांना दाणा-किडा टिपायला शिकवण्याचं कामही तिचं एकटीचं. मोर त्यात कुठेच नसतो. म्हणजे या दिवसांत सापडलेल्या जखमी लांडोरीमागे अंडी किंवा पिल्लं असण्याची दाट शक्यता असते. आजूबाजूला पायांखाली बघत हलक्या पावलांनी नजर टाका, दिसलं तर जागा न हलवता खूण लक्षात ठेवा आणि वनकर्मचाऱ्यांना सांगा. अंडी आणून खुडूक कोंबडीखाली ठेवणं गावात कौतुकाने केलं जातं. ते कायद्याने गुन्हा आहे, आणि त्यातून जन्मलेलं पिल्लू कोंबडीचे रोग घेऊन, रानाची ओळख न होता वाढतं.

भाजे गावाने दोन हजार वर्षांहून जुनी लेणी आपल्या कुशीत सांभाळली आहेत. त्यांचा मालक गावात कोणी नाही, तरी त्यांच्यावर कोणी नाव कोरू लागला तर हटकणारा गावातलाच असतो. लांडोरीशी आपलं नातं याच जातीचं असावं. तेव्हा हा लेख खाली ठेवताना दोनच गोष्टी करा. मोबाइलमध्ये १९२६ आणि आपल्या वनरक्षकाचा क्रमांक नोंदवा, आणि घरातला एक मोठा खोका व एक जुनी सुती चादर माळ्यावर वेगळी काढून ठेवा. बांधावर पंख ओघळलेली लांडोर दिसेल त्या दिवशी एवढंच लागणार आहे.